‘या वयात बिडी सोडून काय फरक पडतो?’ : पटीचा हिशेब आणि माणसांचा हिशेब

मागच्या महिन्यात एक जुने पेशंट आले होते. वय ६६, बीपीची गोळी चालू, आणि दिवसाला एक बंडल बिडी. बीपी तपासून झाल्यावर मी दर वेळी म्हणतो तेच म्हणालो, “काका, बिडीचं बघा काहीतरी.”

या वेळी काका तयारीने आले होते. त्यांनी मोबाइल काढला आणि कुणीतरी पाठवलेला मजकूर माझ्यासमोर धरला. मजकुराचा अर्थ असा, की धूम्रपान करणाऱ्यांना हृदयविकाराने मरण्याचा धोका तरुणपणी पाच-सहा पट असतो, पुढे तो कमी कमी होत जातो आणि पासष्टीनंतर दीडपटीच्याही खाली येतो. “म्हणजे डॉक्टर, धोक्याचं वय मी पार केलं की! आता सोडून काय फरक पडतो?”

व्हॉट्सअ‍ॅपवरचं म्हणून मी ते उडवून लावणार होतो. पण वाचलं आणि थांबलो, कारण आकडे बरोबर होते. कुठल्या अभ्यासातले आहेत तेही माझ्या लक्षात आलं. चूक होती ती त्या आकड्यांतून काढलेल्या अर्थात, आणि ती चूक काकांची एकट्याची नव्हती. हीच चूक वर्तमानपत्रं करतात, औषध कंपन्यांची रंगीत पत्रकं करतात, आणि आम्ही डॉक्टरही सर्रास करतो. त्या दिवशी बाहेर रांग होती, काकांना पाच मिनिटांत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. आज सविस्तर लिहितो. थोडं गणित आहे, पण बेरीज, वजाबाकी आणि गुणाकारापलीकडचं काही नाही.

हा अभ्यास ब्रिटनमधला आहे आणि ज्यांच्यावर केला ते सगळे डॉक्टर होते. १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी ब्रिटनमधल्या नोंदणीकृत डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली. तुम्ही धूम्रपान करता का, किती करता, पूर्वी करत होता का, असे साधे प्रश्न. उत्तर देणारे पुरुष डॉक्टर ३४ हजारांच्या वर होते. मग या दोघांनी वाट पाहिली. कोण कधी आणि कशाने गेलं याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली. डॉक्टरांना निवडण्याचं एक कारण अगदी व्यवहारी होतं. डॉक्टरांचं नाव नोंदणीत असतं, त्यामुळे माणूस हरवत नाही.

पहिल्या १० वर्षांत या पुरुष डॉक्टरांपैकी किती जण हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने गेले, याचं कोष्टक संख्याशास्त्राच्या पुस्तकांत आजही शिकवायला घेतात. त्यात मृत्यूंची मोजणी आहे आणि शेजारी ‘व्यक्ती-वर्षं’ आहेत. व्यक्ती-वर्षं म्हणजे किती माणसांवर किती काळ लक्ष ठेवलं याचं माप. १०० माणसांवर १० वर्षं लक्ष ठेवलं की १००० व्यक्ती-वर्षं झाली. एका गटात माणसं जास्त आणि दुसऱ्यात कमी असली तरी तुलना करता यावी, म्हणून हा खटाटोप.

दर १०,००० व्यक्ती-वर्षांमागे किती मृत्यू झाले, ते वयोगटानुसार असं येतं:

वय ३५ ते ४४: न ओढणारे १, ओढणारे ६
वय ४५ ते ५४: न ओढणारे ११, ओढणारे २४
वय ५५ ते ६४: न ओढणारे ४९, ओढणारे ७२
वय ६५ ते ७४: न ओढणारे १०८, ओढणारे १४७
वय ७५ ते ८४: न ओढणारे २१२, ओढणारे १९२

आता प्रत्येक ओळीत दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. (मी मूळ आकडे घेऊन भागतोय, वर पूर्णांकात लिहिले आहेत.) ३५ ते ४४ या वयात ५.७ पट. पुढे २.१ पट, मग १.५ पट, मग १.४ पट, आणि शेवटच्या ओळीत ०.९ पट, म्हणजे एकाहूनही कमी! काकांच्या मोबाइलवर होतं ते हेच.

भागाकार झाला, आता वजाबाकी करून पाहा. त्याच ओळी, तेच आकडे. ३५ ते ४४ मध्ये ओढणाऱ्यांचे ५ मृत्यू जास्त. पुढे १३ जास्त, मग २३ जास्त, मग ३९ जास्त. शेवटची ओळ सोडली तर धूम्रपानामुळे जास्तीचे जाणारे जीव वयाबरोबर वाढत गेलेले दिसतात. (शेवटच्या ओळीकडे येतोच, तिला टाळून चालणार नाही.)

म्हणजे भागाकार केला तर धोका वयाबरोबर घटतो आणि वजाबाकी केली तर वाढतो. दोन्ही उत्तरं खरी आहेत. कागदही तोच आणि मृत्यूही तेच.

यात जादू काही नाही. किराणा दुकानाचं उदाहरण घ्या. १ रुपयाची गोळी दुकानदाराने ६ रुपयांना लावली, तर आपण ‘सहापट लावली’ म्हणून भांडू. १०८ रुपयांची वस्तू त्याने १४७ ला दिली, तर ती सव्वापटीपेक्षा थोडी जास्त. ओरडण्यासारखं पहिलं, पण खिशातून पहिल्यात ५ रुपये जादा गेले आणि दुसऱ्यात ३९. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाचा हृदयविकाराचा मूळ धोकाच शंभरपट वाढलेला असतो. मूळ किंमत एवढी मोठी झाल्यावर तिच्यावरची ‘पट’ लहान दिसणारच.

आणखी एक हिशेब मला स्वतःला फार बोलका वाटला. तरुण गटातल्या ओढणाऱ्यांची व्यक्ती-वर्षं होती ५२,४०७ आणि मृत्यू ३२. न ओढणाऱ्यांचाच दर त्यांना लागू असता तर ६ च्या आसपास गेले असते. म्हणजे जास्तीचे २६. पासष्टी ओलांडलेल्या गटात ओढणाऱ्यांची व्यक्ती-वर्षं फक्त १२,६६३, मृत्यू १८६. न ओढणाऱ्यांच्या दराने १३७ झाले असते. जास्तीचे ४९. पावपटीपेक्षा कमी व्यक्ती-वर्षांत जवळजवळ दुप्पट माणसं जास्तीची गेली, आणि ‘धोका कमी होतो’ असं आपण म्हणतोय ते याच वयोगटाबद्दल.

मग सगळ्या शोधनिबंधांत ‘पट’च का छापतात? याचं कारण त्या निबंधांमागच्या यंत्रणेत आहे. मृत्यू, झटके, पडणं, दवाखान्यात भरती होणं अशा ज्या गोष्टी ०, १, २, ३ अशा मोजायच्या असतात, त्यांच्यासाठी बहुतेक वेळा ‘प्वासाँ रिग्रेशन’ नावाची पद्धत किंवा तिची एखादी बहीण वापरतात. प्वासाँ हे एका फ्रेंच गणितज्ञाचं नाव. ही पद्धत अपेक्षित मोजणीवर थेट काम करत नाही, अपेक्षित मोजणीच्या लॉगवर करते. माझ्या वयाच्या वाचकांना अकरावी-बारावीचं क्लार्कचं टेबल आठवत असेल. गुणाकार अवघड म्हणून दोन्ही संख्यांचे लॉग काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि अँटिलॉग घ्यायचा. लॉगच्या जगातली बेरीज म्हणजे आपल्या जगातला गुणाकार. लॉग वापरण्याचा फायदा असा, की मॉडेलचं उत्तर कधी शून्याखाली जात नाही. ‘वर्षाला उणे दोन झटके’ असलं हास्यास्पद भाकीत निघत नाही. पण त्याची किंमत म्हणून या पद्धतीची बोलण्याची भाषाच ‘पट’ ही होऊन बसते. संगणक पटीत उत्तर देतो, निबंधात पट छापली जाते, बातमीत पट येते, आणि शेवटी काकांच्या मोबाइलवर पट येते.

या पद्धतीत धूम्रपान आणि वय हे दोन घटक घातले आणि दोघांनी आपापलं काम स्वतंत्रपणे केलं असं धरलं, तर वरच्या सगळ्या कोष्टकासाठी एकच आकडा निघतो: १.४३ पट. म्हणजे कुठल्याही वयात ओढणाऱ्याचा धोका न ओढणाऱ्याच्या १.४३ पट. सुटसुटीत आहे, पण खरं नाही. या मॉडेलप्रमाणे ३५ ते ४४ वयाच्या न ओढणाऱ्यांत सुमारे ७ मृत्यू व्हायला हवे होते, प्रत्यक्षात झाले २. सर्वांत म्हाताऱ्या गटात न ओढणाऱ्यांचे २१-२२ व्हायला हवे होते, झाले ३१. अंगरखा एकच शिवला आणि तो कुणालाच बसेना, अशातली गत.

मग संशोधक मॉडेलमध्ये आणखी एक पद घालतात, ‘इंटरॅक्शन’. मराठीत आंतरक्रिया म्हणतात. अर्थ एवढाच, की एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकावर अवलंबून आहे का? धूम्रपानाची पट सगळ्या वयांत सारखीच आहे, की वयाप्रमाणे बदलते? आपल्या कोष्टकात ती ५.७ वरून १.४ वर आली, म्हणजे जवळजवळ पाव झाली. संगणक या इंटरॅक्शनचा आकडा देईल ०.२४, आणि हा आकडा ‘पटीची पट’ आहे. तो एकापेक्षा कमी आहे एवढंच पाहून कुणीतरी लिहितं, ‘वाढत्या वयात धूम्रपानाचा परिणाम क्षीण होतो’. घसरण होते ती इथे. त्या आकड्याचा खरा अर्थ एवढाच, की वय आणि धूम्रपान यांचा एकत्र परिणाम दोघांच्या गुणाकाराएवढा भरत नाही. पूर्ण गुणाकार झाला असता तर पासष्टीच्या गटात १४७ ऐवजी ६२० च्या वर मृत्यू दिसले असते. तेवढे दिसले नाहीत. पण साधी बेरीज झाली असती, म्हणजे तरुणपणीचे जास्तीचे ५ तसेच म्हातारपणी चिकटले असते, तर ११३ दिसले असते. दिसले १४७. खरी गोष्ट गुणाकाराच्या खाली आणि बेरजेच्या वर, अशी मध्ये कुठेतरी आहे. ‘परिणाम क्षीण होतो’ या तीन शब्दांत यातलं काहीच उरत नाही.

म्हणून माझं मत असं, की इंटरॅक्शनबद्दल बोलणाऱ्याने कुठल्या मापाने बोलतो आहे हे आधी सांगितलं पाहिजे, गुणाकाराच्या की बेरजेच्या. न सांगता बोलणं म्हणजे अंतर सांगून मैल की किलोमीटर ते गुपित ठेवणं.

शेवटच्या ओळीचं आता बघू, म्हणजे ७५ ते ८४ ची. तिथे ओढणाऱ्यांचे मृत्यू चक्क कमी आहेत. बिडीवाले वाचक एव्हाना खूश झाले असतील. पण त्या गटात न ओढणाऱ्यांचे मृत्यू किती होते? ३१. मोजणीच्या आकड्याला एक अंगचा थरथराट असतो. ढोबळ नियम असा, की जेवढे मोजले त्याच्या वर्गमुळाच्या दुप्पट इकडे-तिकडे तो निव्वळ योगायोगाने हलू शकतो. ३१ चं वर्गमूळ साडेपाच, म्हणजे केवळ नशिबाने २० ते ४२ मध्ये काहीही येऊ शकलं असतं. ओढणाऱ्यांचे १०२ सुद्धा असेच ८२ ते १२२ मध्ये हलतात. एवढ्या थरथराटात २१२ आणि १९२ यांच्यातल्या फरकाला अर्थ चिकटवता येत नाही. त्यात पंचाहत्तरीपर्यंत पोचलेले ओढणारे हे मुळातच चिवट गडी. ज्यांना धूम्रपान बाधणार होतं त्यांच्यातले बरेच आधीच गेलेले. शिवाय १९५१ मध्ये ‘ओढतो’ म्हणून लिहून दिलेल्या कित्येक डॉक्टरांनी पुढे सोडलं. आणि हे कोष्टक फक्त हृदयविकाराचं आहे. फुफ्फुसाचा कर्करोग, छातीचे जुनाट आजार, पक्षाघात यांनी गेलेले यात मोजलेलेच नाहीत.

हाच थरथराट पहिल्या ओळीलाही लागू आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो गाजलेला ५.७ पटीचा आकडा कशावर उभा आहे माहीत आहे? न ओढणाऱ्या तरुण डॉक्टरांतल्या २ मृत्यूंवर. अठरा हजारांवर व्यक्ती-वर्षांत दोघे गेले. आणखी दोघे गेले असते, तर ५.७ ची पट एका झटक्यात अर्धी, २.९ झाली असती. वजाबाकी मात्र ५ वरून ४ वर आली असती, बस. लहान संख्येने भागल्यावर पट किती हवेत उडते ते यावरून पाहा. बातमीत कुठेही ‘आठपट’, ‘दहापट’ वाचलंत, तर ज्या लहान आकड्याने भागलं तो किती होता, हे विचारायची सवय लावून घ्या.

याच्या उलट चूकही होते, आणि ती माझ्या मते जास्त घातक आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या इन्सुलेशन कामगारांचा अभ्यास हॅमंड, सेलिकॉफ आणि सायडमन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. ही माणसं पाइप, बॉयलर यांच्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण चढवायची, वर्षानुवर्षं त्या धुळीत काम करायची. फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, दर १ लाख व्यक्ती-वर्षांमागे, असे होते. अ‍ॅस्बेस्टॉस नाही, धूम्रपानही नाही: ११. फक्त अ‍ॅस्बेस्टॉस: ५८. फक्त धूम्रपान: १२३. दोन्ही: ६०२.

पट काढा. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे ५ पट, धूम्रपानामुळे ११ पट, गुणाकार ५६ पट. प्रत्यक्ष दिसली ५३ पट. म्हणजे जवळजवळ बरोबर गुणाकार! मोजणीच्या मॉडेलमध्ये इंटरॅक्शनचं पद घाला, उत्तर एकाच्या अगदी जवळ येईल आणि निबंधात वाक्य येईल, ‘इंटरॅक्शन आढळली नाही’. गणिताच्या भाषेत ते बरोबरच आहे. पण सामान्य माणूस, किंवा कारखान्याचा मालक, त्याचा अर्थ काय घेईल? ‘दोन्ही एकत्र आले म्हणून विशेष काही होत नाही.’

आता बेरीज करा. मुळातले ११, अ‍ॅस्बेस्टॉसचे जास्तीचे ४७, धूम्रपानाचे जास्तीचे १११. एकूण १७० च्या आत. दिसले ६०२. उरलेले ४३० च्या वर मृत्यू ना एकट्या धुळीचे ना एकट्या सिगारेटचे, दोघी भेटल्या म्हणून झालेले. मॉडेलने ‘नाही’ म्हटलेली गोष्ट ती हीच.

या हिशेबाचा उपयोग थेट आहे. धुळीत काम न केलेला माणूस मुळात ओढतच नसता, तर लाखामागे १११ मृत्यू टळले असते. धुळीत काम केलेला ओढत नसता, तर ५४३ टळले असते. पट दोघांचीही साधारण सारखीच, दहा-अकरा. पण सिगारेट सोडवण्याचे पैसे आणि माणसं मर्यादित असतील, तर आधी कुणाकडे जायचं हे पटीतून कळत नाही, वजाबाकीतून कळतं. (घराला सिमेंटचे पत्रे आहेत म्हणून लगेच घाबरू नका. हे आकडे आयुष्यभर ती धूळ नाकातोंडात घेणाऱ्या कामगारांचे आहेत. पण ते जुने पत्रे स्वतः कापू किंवा फोडू नका, एवढं नक्की.)

औषधांच्या बाबतीतही हेच होतं. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या पंपांच्या चाचण्यांत वर्षाला किती वेळा दम उसळला हे मोजतात. समजा, एका पंपाने झटके निम्मे होतात, आणि ते सौम्य आजाराच्या आणि तीव्र आजाराच्या पेशंटमध्ये सारखंच निम्मे होतात. ‘इंटरॅक्शन नाही, म्हणजे औषध सर्वांना सारखंच उपयोगी’ असं सांगणारं पत्रक माझ्या टेबलावर येतं. पण वर्षाला ६ झटके येणाऱ्या बाईंचे ३ झटके वाचले. दोन वर्षांत एक झटका येणाऱ्याचा चार वर्षांत एक वाचला. खर्च दोघांनाही सारखाच आणि तोंड येणं, आवाज बसणं हे त्रासही दोघांनाही सारखेच. सारखंच उपयोगी कसं? हे उदाहरण मी समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण असा निर्णय मला जवळजवळ रोज घ्यावा लागतो. तुमचा डॉक्टर शेजाऱ्याला दिलेलं महागडं औषध तुम्हाला देत नसेल, तर तो कंजूषपणाच असेल असं नाही.

पट अगदीच कुचकामी आहे असं मात्र मी म्हणत नाही. एखादी गोष्ट रोगाचं कारण आहे की नाही हे ठरवताना मोठी पट फार मोलाची असते. आणि ३८ वर्षांचा, सिगारेट ओढणारा तरुण छातीत दुखतंय म्हणून येतो, तेव्हा मी पटीचाच विचार करतो. त्या वयात न ओढणारा माणूस या आजाराने सहसा जात नाही, म्हणून याच्या बाबतीत दोष बहुतेक सिगारेटचाच. शिवाय त्याचं जाणं म्हणजे पुढची चाळीस वर्षं जाणं, मागे लहान मुलं राहणं. नुसती डोकी मोजणाऱ्या वजाबाकीत हे येत नाही. तरुण वाचकांनी ‘आपला तर फक्त पाचाचा फरक’ असं म्हणून या लेखाचा आधार घेऊ नये.

माझी तक्रार फक्त एकटी पट देण्याबद्दल आहे. पट सांगा, पण तिच्या शेजारी दोन्ही मूळ आकडे ठेवा. दहा हजारांत एवढे आणि दहा हजारांत तेवढे. एवढं छापायला एक ओळ लागते. आरोग्याची बातमी लिहिणाऱ्यांनी हा नियम पाळला, तर माझ्या ओपीडीतले निम्मे वाद मिटतील. तोवर तुम्हीच विचारा. डॉक्टरांनी ‘धोका दुप्पट आहे’ म्हटलं, तर विचारा, ‘कितीच्या दुप्पट?’ ‘अमुक वयात परिणाम कमी’ वाचलं, तर बघा, पट कमी झाली की माणसं कमी झाली? आणि ‘दोन गोष्टींचा एकत्र परिणाम आढळला नाही’ असं असेल, तर तो अभ्यास पुरेसा मोठा होता का, हेही विचारायला हरकत नाही. कारण एका घटकाचा परिणाम शोधायला जेवढी माणसं लागतात, त्याच्या साधारण चौपट माणसं तेवढीच इंटरॅक्शन शोधायला लागतात. ‘आढळली नाही’ आणि ‘नाही’ यांत अंतर आहे. डॉक्टर चिडले तर चिडू द्या. मीही कधी कधी चिडतो, आणि नंतर घरी जाऊन आकडा शोधतो.

परत काकांकडे येतो. त्यांचा खरा प्रश्न इंटरॅक्शनचा नव्हताच. ‘आता सोडली तर मला काय मिळेल?’ हा होता, आणि वरचं कोष्टक त्याचं पूर्ण उत्तर देत नाही. ओढणारा आणि न ओढणारा यांच्यातला फरक म्हणजे सोडणाऱ्याला मिळणारा फायदा नव्हे. जुनं नुकसान सगळं भरून येत नाही. त्याचं उत्तर याच अभ्यासाने पुढे दिलं. ५० वर्षांच्या नोंदींवरून २००४ मध्ये डॉल आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरीने १० वर्षं आधी जातात. तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी १० वर्षं परत मिळतात, चाळिशीत ९, पन्नाशीत ६, आणि साठीत सोडली तरी ३. हे गोऱ्या डॉक्टरांचे आणि सिगारेटचे आकडे आहेत. आपल्या बिडीला ते जसेच्या तसे लागू होतील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, ही समजूत मात्र काढून टाका.

त्या दिवशी मी काकांच्या केसपेपरच्या मागे दोन ओळी लिहिल्या. ‘३५-४४: १ आणि ६. ६५-७४: १०८ आणि १४७.’ म्हटलं, “काका, आता तुम्हीच सांगा, कुठे जास्त माणसं गेली?” त्यांनी बोटांवर हिशेब केला. “म्हातारी,” म्हणाले. मग थोडं थांबून, “पण डॉक्टर, ती न ओढणारीही एकशे आठ गेलीच की.”

गेलीच. तेही खरं, आणि ते मी नाकारलं नाही. शंभर पासष्टीपुढच्या ओढणाऱ्यांत दहा वर्षांत या एका आजाराने जास्तीचे साधारण चार जण जातात, बाकीचे त्याने जात नाहीत, आणि ते चार कोण हे आधी कुणालाच सांगता येत नाही, असं मी त्यांना सांगितलं. तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापलेला असतो, तिथे सोडण्यासाठी फोनवर मदत मिळते, तेही दाखवलं. काकांनी केसपेपरची घडी करून खिशात ठेवली. पंधरा दिवसांनी बीपीसाठी आले तेव्हा बिडी दिवसाला सातावर आली होती. काकूंनी मात्र हा आकडा नऊ सांगितला.